चुकून आलेला किडा : फड्या निवडुंग आणि किरमिजी रंगाची गोष्ट

कीटक आणि वनस्पती यांच्या नात्याचा शास्त्रीय अभ्यास कसा होत गेला, हा आजचा विषय आहे. पण तो इतका पसरलेला आहे की नुसती फुलं आणि मधमाश्या घेतल्या तरी रात्र पुरायची नाही. म्हणून आम्ही ठरवलं, एक झाड घ्यायचं, त्यावरचा एक किडा घ्यायचा आणि त्या दोघांच्या मागे मागे जायचं. झाड आपल्या ओळखीचं आहे, फड्या निवडुंग. किडा मात्र अनेकांनी पाहिलेला असतो, पण तो किडा आहे हे कळलेलं नसतं. निवडुंगाच्या फड्यावर कापसाची बोंदरं चिकटल्यासारखे पांढरे पुंजके दिसतात. कुणीतरी कापूस पिंजला आणि वाऱ्यानं येऊन अडकला, असंच वाटतं. त्यातला एक पुंजका काडीनं चिरडून बघा. आतून गडद लाल रंग निघतो, आणि बोटाला लागला की सहज जात नाही.

हा लाल रंग एके काळी मेक्सिकोहून येणाऱ्या चांदीच्या खालोखाल मोलाचा माल होता. त्याच्या लोभानं ईस्ट इंडिया कंपनीनं हा किडा भारतात आणला, आणि नेमका चुकीचा आणला. आज बोलायचं आहे ते या चुकीबद्दल.

सुरुवात शब्दांपासून करू, कारण या गोष्टीत नावं फार फसवतात. आपण 'किरमिजी' म्हणतो. मूळ शब्द किर्म, म्हणजे फारसीत किडा. आपला संस्कृत 'कृमि' आणि फारसी 'किर्म' ही सख्खी भावंडं. तोच शब्द अरबीतून युरोपात गेला आणि इंग्रजीत 'क्रिमझन' झाला, 'कारमाइन'ही त्याच घरातला. म्हणजे किरमिजी रंग म्हणजे किड्याचा रंग, हे आपल्या शब्दातच लिहून ठेवलेलं आहे. फक्त हा मूळचा किरमिज किडा निवडुंगावरचा नव्हे. तो भूमध्य समुद्राभोवतीच्या ओकच्या झुडपांवरचा. अमेरिकेतला निवडुंगावरचा किडा पुढे आला, त्याचा रंग कितीतरी पटींनी जोरदार निघाला, आणि जुन्या किड्याचं नाव नव्याच्या रंगाला चिकटलं.

निवडुंगाचंही तेच. आपल्याकडचा जुना निवडुंग म्हणजे त्रिधारी, चीक येणारा. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं तो एरंडाच्या कुळातला. फड्या निवडुंग हा अमेरिकेतला. कोलंबसाच्या आधी तो या भूमीवर नव्हता. युरोपीय जहाजांबरोबर तो आला, काटेरी आणि मांसल दिसला, म्हणून आपल्या लोकांनी त्याला घरातलंच नाव दिलं आणि नागाच्या फड्यासारखी पेरं म्हणून पुढे 'फड्या' लावलं. नाव इतकं अंगवळणी पडलं की तो परदेशी आहे हे आज सांगावं लागतं. आमच्यापैकी बहुतेकांनी लहानपणी त्याची लाल बोंडं खाल्लेली आहेत, जीभ लाल करून घेतलेली आहे आणि बारीक कुसं ओठात घुसल्यावर रडलेलोही आहोत. पण तो 'एक' निवडुंग नाही, हे आम्हालाही फार उशिरा कळलं. हे लक्षात असू द्या, पुढे सगळा घोळ इथेच होणार आहे.

आता किड्याकडे. कोशिनियल म्हणतात त्याला. शास्त्रीय प्रजातीचं नाव डॅक्टिलोपियस, आणि या नावाखाली अनेक जाती येतात. यातली मादी फार विलक्षण आयुष्य जगते. अंड्यातून निघालेलं पिल्लू टाचणीच्या टोकाएवढं असतं. अंगावर मेणाचे लांब तंतू असतात, त्यांच्या आधारानं ते वाऱ्यावर तरंगत दुसऱ्या झुडपावर जातं. जागा पसंत पडली की सोंड फड्यात खुपसतं आणि रस प्यायला लागतं. मादी असेल तर ती पुन्हा तिथून हलतच नाही. पाय निरुपयोगी, पंख नाहीत, अंगाभोवती पांढऱ्या मेणाचं आवरण. नराला पंख फुटतात, पण तो थोडेच दिवस जगतो. अशी एका जागी खिळलेली, गुबगुबीत, पळू न शकणारी मादी मुंग्यांच्या तावडीतून वाचते कशी? तर शरीरातल्या त्या लाल द्रव्यामुळे, कार्मिनिक आम्लामुळे. ते मुंग्यांना नकोसं वाटतं, हे 1980 साली टॉमस आयझनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगानं दाखवलं. त्याच प्रयोगांत त्यांनी आणखी एक गंमत पाहिली. एका पतंगाची मांसाहारी अळी हे किडे खाते आणि त्यांचं आम्ल पोटात साठवून, स्वतःवर हल्ला झाला की ओकून टाकते. चोरीचं हत्यार वापरावं तसं. तर राजांच्या झग्यांचा तो रंग मुळात मुंग्यांना लांब ठेवण्यासाठी होता.

मेक्सिकोतल्या लोकांनी, विशेषतः ओआहाका भागातल्या आदिवासी शेतकऱ्यांनी, स्पॅनिश लोक येण्याच्या पुष्कळ आधीपासून या किड्याची निगराणी करून एक पाळीव जात तयार केली होती. आकारानं मोठी, मेण कमी, रंग भरपूर. ती उघड्यावर स्वतःच्या बळावर टिकत नाही. पाऊस आला तर झाकावी लागते, पुढच्या हंगामाचं बियाणं घरात जपावं लागतं. एक पौंड वाळवलेला माल मिळायला साधारण 70,000 किडे लागत. स्पेननं या मालाची मक्तेदारी केली आणि तो कसा तयार होतो हे बाहेर कळू दिलं नाही. वाळलेला दाणा बघून युरोपातले लोक भांडत राहिले की हे बी आहे, फळ आहे की किडा. लेवेनहुकनं सूक्ष्मदर्शकाखाली पाहून 1704 साली तो किडा असल्याचं ठामपणे सांगितलं. तरी वाद मिटेना. शेवटी मेल्खिओर द राउशर नावाच्या डच गृहस्थानं पैजेपायी ओआहाकातल्या प्रत्यक्ष पाळणाऱ्यांच्या शपथेवर जबान्या घेववल्या आणि 1729 मध्ये त्या छापल्या. एका किड्याला किडा ठरवण्यासाठी साक्षीदार उभे करावे लागले, असं कीटकशास्त्राच्या इतिहासात दुसरीकडे कुठे झालं असेल असं आम्हाला वाटत नाही.

आता मद्रासला येऊ. कंपनीच्या मद्रासच्या वैद्यकीय खात्याचे प्रमुख डॉ. जेम्स अँडरसन. उद्योगी माणूस. 1786-87 च्या सुमारास त्यांना मद्रासजवळ गवतावर कोशिनियलसारखा दिसणारा एक किडा सापडला आणि ते हरखून गेले. लंडनला सर जोसेफ बँक्स यांना पत्रांवर पत्रं गेली. पुढे ती पत्रं छापलीही गेली. पण तो किडा रंगाच्या कामाचा नव्हता. त्यातून एक मात्र झालं, कंपनीच्या डोक्यात कल्पना पक्की बसली की स्पेनची मक्तेदारी हिंदुस्थानात मोडता येईल. कंपनी ज्या फौजेच्या जोरावर राज्य करत होती तिच्या अधिकाऱ्यांचे लाल डगले याच रंगात रंगत होते, हेही विसरू नका. मद्रासजवळ सैदापेठच्या बाजूला निवडुंगाचा मळाच केला गेला. 'नोपालरी' म्हणत त्याला, मेक्सिकोत निवडुंगाला नोपाल म्हणतात त्यावरून. लंडनच्या क्यू बागेतून रोपं आली. झाडं तयार झाली. किडा नाही! लग्नाचा मांडव घातलाय आणि नवरदेवाचा पत्ता नाही, अशी गत.

तो नवरदेव 1795 मध्ये आला. कॅप्टन नीलसन नावाचे एक लष्करी अधिकारी हिंदुस्थानकडे येताना वाटेत ब्राझीलमध्ये रिओ द जानेरोला थांबले. तिथे निवडुंगावर हा पांढरा पुंजका दिसला, चिरडल्यावर लाल रंग निघाला, त्यांनी झाडासकट किडे जहाजावर घेतले. (सात-आठ वर्षं आधी, ऑस्ट्रेलियात पहिली वसाहत करायला निघालेल्या कॅप्टन फिलिपनंही याच रिओहून असेच निवडुंग आणि किडे नेले होते. तिथे ते किडे जगले नाहीत.) नीलसनचे किडे कलकत्त्याला पोचेपर्यंत थोडेच जिवंत राहिले होते. ते वनस्पती उद्यानात नेले. बाहेरून मुद्दाम मागवून लावलेल्या निवडुंगांवर ठेवले तर ते मरायला लागले. मग बंगालमध्ये आधीपासूनच रानटी वाढलेल्या एका निवडुंगावर ठेवून पाहिले. तिथे मात्र ते असे वाढले की काही विचारू नका. लगेच मद्रासला पाठवले, अँडरसन खूश, कंपनी खूश.

इथं आपण क्षणभर थांबू. किड्यानं त्या दिवशी कलकत्त्यात एक स्पष्ट निवाडा दिला होता. त्याच्यापुढे दोन-तीन प्रकारचे निवडुंग होते. माणसांना ते सारखेच दिसत होते, निदान 'सगळे निवडुंगच ना' असं वाटत होतं. किड्यानं त्यातला एकच आपला म्हटला. का? कारण ब्राझीलच्या दक्षिणेकडे तो ज्या जातीवर राहत होता, ओपुन्शिया मोनाकँथा, तीच जात बंगालमध्ये आधीच येऊन पोचली होती. आणि त्यानं हेही सांगितलं होतं की मी मेक्सिकोचा पाळीव किडा नव्हे. पण हे ऐकायला कुणाला सवड होती? सगळ्यांचं लक्ष लाल रंगावर.

रंग निकृष्ट निघाला. हा रानटी जातीचा किडा, लहान, मेण जास्त, रंग कमी. बाजारात मेक्सिकोच्या मालापुढे टिकेना. हिंदुस्थानात कोशिनियलचा धंदा उभा राहिलाच नाही. पण किडा थांबला नव्हता. तो मोनाकँथाच्या झुडपांमागून झुडपं फस्त करत सुटला. बंगालपासून उत्तर आणि मध्य हिंदुस्थानात जिथे हा निवडुंग माजला होता, तिथून तो दिसेनासा व्हायला लागला. कीटकाकडून तणाचा बंदोबस्त होण्याचं हे जगातलं पहिलं नोंदलेलं उदाहरण मानतात. पुस्तकात ते '1795, भारत' असं दिमाखात छापलेलं असतं. ते वाचून कुणालाही वाटेल की कुणी द्रष्टा शास्त्रज्ञ होता. तसं काही नव्हतं. रंगाचा कारखाना काढायला निघालेल्या लोकांचा तो फसलेला धंदा होता.

जाणूनबुजून वापर पुढे झाला, आणि त्याचं श्रेय मात्र द्यायला हवं. 1836 ते 1838 च्या दरम्यान हा किडा निवडुंग मारण्याच्या हेतूनं दक्षिण भारतात नेला गेला. मग 1863 ते 1865 या काळात तो सिलोनमध्ये नेला. तणाचा शत्रू एका देशातून दुसऱ्या देशात मुद्दाम नेण्याची ही पहिली खेप समजतात. आता नावाची गंमत बघा. सिलोनमध्ये या किड्याचा शास्त्रीय अभ्यास झाला आणि नाव पडलं 'सिलोनिकस'. राहणारा ब्राझील-अर्जेंटिनाकडचा, आणला हिंदुस्थानात, वापरला सिलोनमध्ये, आणि कायमचा झाला सिलोनचा!

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मग परिस्थिती अशी होती. मोनाकँथा जवळपास संपला, पण फड्या निवडुंग काही संपला नव्हता. दख्खनमध्ये, तमिळ मुलखात, गावाभोवती, बांधांवर, पडीक रानात त्याच्या भिंतीच्या भिंती उभ्या होत्या. साप-विंचवांचं घर, जमीन अडवलेली, तोडावा तर तुटलेल्या प्रत्येक फड्याला मुळं फुटणार. दुष्काळात काटे भाजून तो जनावरांना घालत, तेवढाच उपयोग. मग लोक विचारू लागले, तो किडा होता ना निवडुंग खाणारा? आणा की. किडा आणला, सोडला. किडा त्या निवडुंगावर उपाशी मेला.

हे का, हे कळायला झाडांकडे नीट बघणारा माणूस लागला. 1911 मध्ये बर्किल या वनस्पतिशास्त्रज्ञानं भारतात रानटी झालेल्या निवडुंगांची जातवार ओळख पटवणारा अभ्यास प्रसिद्ध केला. दक्षिणेत माजलेला मुख्यतः ओपुन्शिया डिलेनाय, पिवळ्या काट्यांचा. दख्खनमध्ये ओपुन्शिया एलाटिअर, तपकिरी काट्यांचा, नारिंगी झाक असलेल्या फुलांचा, आपण ज्याची बोंडं खातो तो. मोनाकँथा वेगळाच, उंच, पातळ हिरव्यागार फड्यांचा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी किड्यानं जे सांगितलं होतं ते शास्त्रज्ञानं कागदावर मांडलं. आम्हाला या अभ्यासाचं फार अप्रूप वाटतं. काटे मोजणं, फुलांचा रंग टिपणं, अशा कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही. पण ते झाल्याशिवाय पुढचं पाऊल पडणार नव्हतं.

त्याच सुमारास युरोपात हाच प्रश्न प्रयोगशाळेत शिरला होता. 1910 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हर्शाफेल्ट यांनी कोबीच्या अळ्यांवर साधा प्रयोग केला. कोबी, मोहरी, मुळा या सगळ्यांत एक तिखट द्रव्य असतं. ते अळी एरवी तोंडही लावणार नाही अशा पदार्थाला फासलं, तर अळी तो खायला लागली. याचा अर्थ अळी कोबी 'ओळखते' ती त्या द्रव्यावरून. जे द्रव्य झाडानं किड्यांना हाकलायला बनवलं असावं, तेच एका किड्यासाठी घराची पाटी झालं. पन्नास वर्षांनी फ्रेंकेलनं 1959 मध्ये आणि एर्लिक व रेव्हन यांनी 1964 मध्ये यावर मोठे सिद्धान्त उभे केले. झाड नवं विष बनवतं, किडा त्यावर तोड काढतो, अशी ही लाखो वर्षांची झटापट. आपल्या निवडुंगाच्या गोष्टीला त्यानं बळ मिळतं, कारण किड्याचं 'आवडतं झाड' ही आवड नसून लाखो वर्षांची बांधिलकी आहे, हे त्यातून कळतं.

तर डिलेनाय आणि एलाटिअरसाठी वेगळा किडा हवा होता. तो उत्तर अमेरिकेत होता. तिथून ऑस्ट्रेलियात गेला, ऑस्ट्रेलियातून 1924 च्या सुमारास सिलोनमध्ये आणि सिलोनमधून 1926 साली दक्षिण भारतात आला. त्या वेळच्या कागदांत त्याला टोमेंटोसस म्हटलं आहे. तेही चूक. आज त्याला डॅक्टिलोपियस ओपुन्शिये म्हणतात. या वेळी नाव चुकलं तरी किडा बरोबर होता. मद्रास इलाख्यात पाच-सहा वर्षांत निवडुंगाची रानंच्या रानं पिवळी पडून कोसळली. कोइमतूरचे कीटकशास्त्रज्ञ टी. व्ही. रामकृष्ण अय्यर यांनी त्या काळात यावर लिहिलेलं आहे. हा किडा पुढे दख्खनमध्येही पसरला. आपल्याकडे खेड्यातली जुनी माणसं सांगत, 'पूर्वी गावाभोवती निवडुंगच निवडुंग होता, मग त्याला रोग आला.' तो रोग नव्हता, हा किडा होता. पांढरा बुरा धरल्यासारखं झाड दिसायचं, म्हणून रोग वाटणं साहजिक आहे.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट तुम्ही बहुतेकांनी ऐकलेली असेल, म्हणून थोडक्यात. तिथे 1925 च्या आसपास सुमारे 6 कोटी एकर जमीन निवडुंगाखाली गेली होती. अर्जेंटिनाहून कॅक्टोब्लास्टिस नावाच्या पतंगाची अंडी आणली, त्याच्या अळ्यांनी फडे आतून पोखरले, आणि काही वर्षांत रान मोकळं झालं. लोकांनी त्या पतंगाच्या नावानं सभागृह बांधलं. जैविक नियंत्रणाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात हे येतं आणि विद्यार्थी खूश होतात. आम्हालाही शिकताना असंच वाटलं होतं की निवडुंग वाईट, किडा चांगला, विषय संपला.

मग मादागास्करबद्दल वाचलं आणि तो सरळ हिशेब मोडला.

मादागास्करच्या दक्षिण टोकाला अतिशय कोरडा मुलूख आहे. तिथं अंताँद्रुई लोक राहतात, गुरं राखणारे. 1769 मध्ये मोदाव नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानं फोर्ट दोफँ इथल्या ठाण्याच्या संरक्षणासाठी निवडुंग लावला. तो निवडुंग म्हणजे आपल्या गोष्टीतला पहिला, ओपुन्शिया मोनाकँथा. तो किल्ल्याभोवती थांबला नाही. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत अंताँद्रुई लोकांनी त्याला आपलंसं केलं. गावाभोवती त्याचं जाड कुंपण, इतकं जाड की फ्रेंच फौजांना गावात शिरणं जड जाई. कोरड्या महिन्यांत माणसांनी त्याची फळं खायची. गुरांना काटे भाजून फडे घालायचे, त्यातलं पाणी हेच गुरांचं पाणी. म्हणजे बाहेरून आलेलं झाड, पण त्याच्यावर एक अख्खी जीवनपद्धती उभी राहिली. ते त्याला 'मालागासी निवडुंग' म्हणत, आपल्या लोकांनी फड्याला निवडुंगात घेतलं तसंच.

फ्रेंच वसाहतवाल्यांत या झाडाबद्दल दोन मतं होती. काहींना ते दुष्काळातला आधार वाटे. काहींना ते जमीन अडवणारं तण वाटे, आणि या लोकांना कर भरायला, मजुरीला बाहेर न पडता स्वतःच्या रानात राहू देणारं साधनही वाटे. 1924 मध्ये निवडुंगावर जगणारा कोशिनियल किडा राजधानी आंतानानारिव्होत सोडला गेला. त्यात वनस्पतिशास्त्रज्ञ पेरिए द ला बाती यांचं नाव येतं. राजधानी कुठे, दक्षिण टोक कुठे. पण किडा दक्षिणेत पोचला. मुद्दाम नेला की आपोआप गेला, यावर तेव्हाही भांडण झालं आणि इतिहासकार आजही त्यावर लिहितात. 1920 चं दशक संपेपर्यंत निवडुंग कोसळला. त्यात 1930 च्या सुमारास पाऊस गेला. निवडुंग असता तर तो कठीण काळ निघाला असता, आधी असे कितीतरी काळ निघाले होते. आता गुरं मेली, माणसं मेली, उरलेली मजुरीच्या शोधात उत्तरेला गेली.

या प्रकरणात शास्त्राची चूक काय होती? किड्याची ओळख बरोबर होती. झाडाची ओळख बरोबर होती. किड्यानं नेमून दिलेलं काम चोख केलं. मद्रासला 1795 मध्ये चुकीचा किडा आला तरी कुणाचं फारसं बिघडलं नाही. मादागास्करमध्ये बरोबर किडा आला आणि माणसं मेली. आम्ही हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवले तेव्हा बराच वेळ काही सुचलं नाही. 'तण' हा शब्द वनस्पतिशास्त्राचा नाहीच, तो महसूल खात्याचा आहे, असं आमच्यातलं कुणीतरी म्हणालं. ते थोडं वाढवून बोलणं झालं, पण अगदीच खोटं नाही.

आणि हे जुनं झालंय असंही नाही. आपल्याकडे 1926 मध्ये आणलेला तोच ओपुन्शिये किडा 2014 पासून मोरोक्कोत निवडुंगाचे मळेच्या मळे संपवतो आहे. तिथे निवडुंग पीक आहे, फळं विकतात, गुरांना चारा होतो. तिथला शेतकरी या किड्याला जे म्हणत असेल ते आपण ऑस्ट्रेलियातल्या सभागृहात बसून ऐकावं.

शेवटी एक शास्त्रीय धागा राहिला, तो पुरा करतो. दक्षिण आफ्रिकेत हा ओपुन्शिये किडा बऱ्याच वर्षांपासून होता. तिथल्या एका निवडुंगावर त्यानं चांगलं काम केलं होतं. पण क्रूगर अभयारण्यात दुसरी जात पसरली, ओपुन्शिया स्ट्रिक्टा, आपल्या डिलेनायची जवळची नातलग. तिला तो किडा दाद देईना. जात तीच, नाव बरोबर, तरी काम होईना! मग ऑस्ट्रेलियात स्ट्रिक्टावर वाढलेले त्याच जातीचे किडे 1997 मध्ये आणून सोडले, आणि ते लागू पडले. दोन्ही किडे सूक्ष्मदर्शकाखाली सारखे. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की एकाच जातीत दोन वाण आहेत, एक या झाडाचा, एक त्या झाडाचा. म्हणजे कलकत्त्याला 1795 साली किड्यानं जो निवाडा दिला होता, त्यापेक्षाही बारीक निवाडा तो देत होता, आणि आपली नावं पुन्हा एकदा अपुरी पडली.

हे वाचून आम्हाला आपल्या लाखेची आठवण झाली. लाखेचा किडा हा कोशिनियलचा लांबचा भाऊबंद, तोही एका जागी खिळून झाडाचा रस पिणारा. लाख घेणारे लोक, मग ते छोटा नागपूरचे असोत की आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडचे, शास्त्रज्ञांनी वाण मांडण्याच्या कितीतरी आधीपासून 'कुसुमी' आणि 'रंगीनी' असा भेद करत आले आहेत. कुसुमी कोसिंबावर, रंगीनी पळसावर. रंगीनीचं बियाणं कोसिंबाला बांधून उपयोग नाही, हे त्यांना कुणी प्रयोगशाळेत शिकवलेलं नव्हतं. पुढच्या व्याख्यानात आपण तिकडेच जाणार आहोत. तोपर्यंत कुणाच्या बांधावर फड्या निवडुंग उभा असेल आणि त्यावर पांढरा पुंजका दिसला, तर काडीनं चिरडून बघा, आणि काट्यांचा रंग पिवळा की तपकिरी तेवढं आम्हाला कळवा.